शून्य आणि तिरकी रेघ: हवामानाचें सांकेतिक वृत्त कसें वाचावें

आमच्या शाळेच्या पटांगणांत, विहिरीपासून वीस पावलांवर, एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळीं साडेआठ वाजतां एका विद्यार्थ्यानें त्यांतील पाणी मापून वहींत आंकडा लिहावयाचा, असा परिपाठ कित्येक वर्षें चालत आला आहे. गेल्या आश्विनांत शेजारच्या गांवचे एक वृद्ध शेतकरी ती वही पाहावयास आले. भाद्रपदांतील दोन दिवशीं त्यांच्या खाचरांत पाणी भरून बांध फुटला होता, आणि त्या दिवशीं किती पाऊस पडला हें त्यांस कागदोपत्रीं दाखवावयाचें होतें. आम्हीं वही उघडली. दोनही दिवसांपुढें शून्य लिहिलेलें होतें. त्यांनीं चष्मा लावून तें पाहिलें आणि शांतपणें म्हणाले, "मास्तर, तुमच्या वहींत शून्य आणि माझ्या शेतांत गुडघाभर पाणी. आतां खरें कोणाचें मानावयाचें?"

आम्ही निरुत्तर झालों. चौकशी करतां कळलें कीं, ते दिवस गणपतीच्या सुटीचे होते. वही ज्याच्याकडे होती तो मुलगा आपल्या गांवीं गेला होता. आणि परत आल्यावर रिकामे राहिलेले दोन रकाने त्यानें शून्य घालून भरले होते. मापकांत सांचलेलें तीन दिवसांचें पाणी त्यानें तिसऱ्या दिवसाच्या नांवें मांडलें होतें. म्हणजे एक आंकडा खोटा लिहिल्याबरोबर शेजारचा खरा आंकडाही खोटा झाला. आम्हीं त्यास रागें भरण्यासाठीं बोलाविलें, तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, वहींत एकही रकाना रिकामा राहतां कामा नये, असें आपणच सांगितलें होतें."

तें अक्षरशः खरें होतें. मुलाची चूक होती, पण तिचें मूळ आमच्या ताकिदींत होतें. "पाऊस पडला नाहीं" आणि "पाऊस मोजला नाहीं" या दोन अगदीं भिन्न गोष्टी लिहावयास आम्हीं त्याला एकच चिन्ह दिलें होतें. त्याच सुमारास वरच्या वर्गास हवामानाचीं सांकेतिक वृत्तें समजावून सांगण्याचा योग आला, आणि असें दिसून आलें कीं, ज्या अडचणींत आमचा विद्यार्थी सांपडला ती अडचण वेधशाळांतील लोकांनीं पूर्वींच ओळखून तिचा मोठा नामी बंदोबस्त करून ठेविला आहे. म्हणून तो विषय येथें वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

सांकेतिक म्हटलें कीं गुप्त, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु हवामानाचें वृत्त कोणापासूनही लपवावयाचें नसतें. ही लिपि गुप्त नव्हे, संक्षिप्त आहे. ती तारायंत्राच्या काळांत रूढ झाली. तारेंत शब्दांप्रमाणें पैसे पडत, आणि आंकड्यांचा पांच जणांचा गट एका शब्दाइतका धरला जाई. त्यामुळें वारा, उष्णतामान, हवेचा दाब, पाऊस हें सर्व पांचपांच आंकड्यांच्या गटांत बसविण्याची रीत पडली. तींत दुसराही एक लाभ होता. आंकड्यांस भाषा नाहीं. पुण्याचा निरीक्षक मराठी बोलो, टोकियोचा जपानी बोलो, कीं लिस्बनचा पोर्तुगीज बोलो. एकाचें वृत्त दुसऱ्यास दुभाष्यावांचून वाचतां येतें. वादळ कांहीं देशांच्या सीमा पाहून चालत नाहीं. म्हणून त्याची बातमीही सीमा ओलांडून समजली पाहिजे. या लिपीचे नियम आज जागतिक हवामानशास्त्र संघटना ठरविते. तिचा करार २३ मार्च १९५० रोजीं अमलांत आला, आणि तो दिवस दरवर्षीं जागतिक हवामानदिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे हें काम त्याहून जुनें आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. सर्व देशाचें हवामानखातें १८७५ सालीं निघालें. आणि १९२८ पासून १९४४ पर्यंत त्याचें मुख्य ठाणें आपल्या पुण्यास होतें.

आतां एक वृत्त प्रत्यक्षच पाहूं. खालील नमुना आम्हींच रचला आहे, परंतु तो नियमांस धरून आहे. पावसाळ्यांतील एका सकाळीं, किनाऱ्यालगतच्या एखाद्या यंत्रचालित केंद्राकडून तो आला असें समजावें.

ए ए एक्स एक्स  १५०३४  ४३९९९  १७/१५  /२४१२  १०२५४  २०२४६  ३९९८७  ४००४६  ६०३५४  ७६३६६

प्रथमदर्शनीं ही हिशेबाच्या चोपडींतील एखादी फाटकी ओळ वाटेल. पण एकएक गट सोडवीत गेलों म्हणजे त्यांतून एक सबंध पावसाळी सकाळ उभी राहते.

आरंभींचीं चार अक्षरें वृत्त जमिनीवरील केंद्राचें आहे असें सांगतात. जहाजावरून वृत्त आलें तर ए ऐवजीं बी हें अक्षर दोनदां येतें. पुढील गट १५०३४. यांतील १५ ही महिन्याची तारीख, आणि ०३ हा जागतिक वेळेचा तास. आपली वेळ तिच्यापुढें साडेपांच तास असल्यामुळें हे सकाळचे साडेआठ झाले. आमच्या पर्जन्यमापकाची वेळही हीच. शेवटचा ४ फार बोलका आहे. वारा नॉट या मापांत दिला असून तो यंत्रानें मोजला आहे, असें तो सांगतो. त्याच जागीं ३ असता, तर वारा नॉटमध्येंच दिला आहे पण अंदाजानें, असा अर्थ झाला असता. मोजलेलें आणि अजमावलेलें यांत भेद आहे, तो लपवूं नये, ही या लिपीची पहिली शिकवण.

तिसरा गट केंद्राचा क्रमांक. त्यांतील पहिले दोन आंकडे भूभागाचे. भारतास ४२ आणि ४३ हे भाग दिलेले आहेत. मुंबईचें सांताक्रुझ ४३००३, कुलाबा ४३०५७ आणि पुणें ४३०६३. आमच्या नमुन्यांतील ९९९ हे आंकडे कल्पित आहेत. कोणा खऱ्या केंद्राच्या नांवावर न घडलेला पाऊस आम्हांस पाडावयाचा नाहीं.

चौथा गट १७/१५ हा या साऱ्या वृत्ताची किल्ली आहे. तो आपण थोडा वेळ बाजूस ठेवूं व पुढें जाऊं.

पांचवा गट /२४१२. पहिली जागा आकाशाचा किती भाग ढगांनीं झांकला आहे हें सांगण्यासाठीं. तेथें तिरकी रेघ आहे, तिच्याकडे मागाहून वळूं. २४ म्हणजे वाऱ्याची दिशा, दहाच्या पटींत, म्हणून २४० अंश. वारा नैर्ऋत्य व पश्चिम यांच्यामधून येत आहे. १२ म्हणजे बारा नॉट, अर्थात् ताशीं सुमारें २२ किलोमीटर.

येथून पुढें प्रत्येक गटाच्या कपाळावर त्याचा स्वतःचा आंकडा लिहिलेला असतो. १ नें आरंभ होणारा गट उष्णतामानाचा. १०२५४ यांतील दुसरा आंकडा ० असेल तर उष्णतामान शून्याच्या वर, आणि १ असेल तर शून्याच्या खालीं. म्हणून आपल्या नमुन्यांत तें २५·४ अंश झालें. ऐन हिंवाळ्यांत लडाखकडून ११०८३ असा गट आला, तर तेथें शून्याखालीं ८·३ अंश थंडी आहे असें समजावें. २ चा गट दंवबिंदूचा. येथें तो २४·६ अंश आहे. उष्णतामान व दंवबिंदु इतके जवळ आले म्हणजे हवा बाष्पानें तुडुंब भरली आहे असें ओळखावें. ३ चा गट केंद्राच्या जागेवरील दाब सांगतो व ४ चा समुद्रसपाटीस आणून दिलेला दाब. दाब हजाराच्या आसपासच असावयाचा हें ठाऊक असल्यामुळें हजाराचा आंकडा गाळतात. म्हणून ९९८७ म्हणजे ९९८·७ आणि ००४६ म्हणजे १००४·६ हेक्टोपास्कल. दोहोंतील अंतरावरून केंद्र समुद्रापासून सुमारें ५० मीटर उंचीवर असावें, असाही तर्क हुषार विद्यार्थ्यास करतां येईल.

यानंतर ५ चा गट हवा होता, तो नाहीं. तो दाबाचा चढउतार सांगतो. परंतु प्रत्येक गटाच्या कपाळीं त्याचा आंकडा असल्यामुळें एखादा गळाला तरी बाकीच्यांचा घोंटाळा होत नाहीं. वर्गांत एक मुलगा गैरहजर असला म्हणजे पुढच्यांनीं सरकून त्याच्या बांकावर बसूं नये, तसेंच हें. ६ चा गट पावसाचा: ०३५ म्हणजे ३५ मिलिमीटर, आणि शेवटचा ४ म्हणजे तो गेल्या चोवीस तासांचा. ७ चा गट हवेची सद्यःस्थिति व मागील स्थिति सांगतो. त्याचा अर्थ किल्ली लावल्यावांचून उघडत नाहीं.

तर आतां किल्लीकडे, म्हणजे १७/१५ या गटाकडे येऊं. यांतील दुसरा आंकडा ७ आहे. या जागीं १ पासून ७ पर्यंत आंकडे येऊं शकतात. १, २, ३ आले तर केंद्रावर मनुष्य निरीक्षण करीत आहे. ४, ५, ६, ७ आले तर केंद्र स्वयंचलित, म्हणजे तेथें मनुष्य नसून यंत्रच पाहतें व यंत्रच कळवितें. वृत्त कोणी लिहिलें हें वृत्तांतच सांगितलेलें असतें.

मनुष्य नसलेल्या जागीं यंत्र ठेवून हवामान कळवून घेण्याची कल्पना नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, २२ ऑक्टोबर १९४३ रोजीं, जर्मनांच्या एका पाणबुडीनें उत्तर अमेरिकेंतील लाब्राडोरच्या ओसाड किनाऱ्यावर गुपचूप असें एक केंद्र उभारलें. त्याचें नांव कर्ट. दर तीन तासांनीं तें बिनतारी संदेशानें उष्णतामान, दाब व वारा कळवी. तें संकेतांत कळवी तें शत्रूपासून लपविण्यासाठीं. त्या काळीं हवामानसुद्धां युद्धाचें गुपित होतें. अल्पावधींतच त्याचा आवाज बंद पडला, आणि तें केंद्र काय होतें याची ओळख थेट १९८१ सालीं पटली. आज तें कॅनडाची राजधानी ओटावा येथील युद्धसंग्रहालयांत आहे. आतां अशीं केंद्रें शांततेच्या कामीं पर्वतांवर, बेटांवर, धरणांच्या कांठीं सर्वत्र उभीं आहेत, आणि आपल्या देशांतही त्यांचीं वृत्तें उपग्रहांच्या द्वारें येत असतात.

मनुष्य कीं यंत्र, हें कळून उपयोग काय, असें कोणी विचारील. आमच्यावरच गुदरलेला प्रसंग सांगतों. वर्गासाठीं आम्हीं कांहीं वृत्तें उतरवून घेतलीं होतीं. त्यांपैकीं कोंकणांतील एका वृत्तांत ७ च्या गटांत ६५ हा आंकडा होता. आमच्या हातीं जो तक्ता होता त्यांत पाहून आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें वर्गास सांगितलें, "गोठणारा पाऊस, मध्यम." मागच्या बांकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "सर, कोंकणांत गोठणारा पाऊस?" सारा वर्ग हंसला, आणि आम्हांसही हंसावें लागलें. झालें होतें असें कीं, तो तक्ता यंत्रकेंद्रांचा होता आणि वृत्त मनुष्यानें लिहिलेलें होतें. मनुष्याच्या तक्त्यांत ६५ म्हणजे संततधार मुसळधार पाऊस. त्याचप्रमाणें ६३ हा आंकडा मनुष्यानें लिहिला असतां मध्यम संततधार होते, आणि यंत्रानें लिहिला असतां जोराचा पाऊस होतो. आंकडा तोच, पण बोलणारा बदलला कीं अर्थ बदलला. आमच्या नमुन्यांत ७ ही किल्ली आहे. यंत्राचा तक्ता वापरून ७ चा गट वाचावा असें ती सांगते. म्हणून ६३ हा जोराचा पाऊस, व त्यापुढील दोन ६ म्हणजे मागील काळांतही पाऊसच होता.

किल्लीच्या उरलेल्या आंकड्यांत मात्र त्याहूनही मोलाचा भेद आहे. यंत्रकेंद्रानें ७ चा गट वगळला, तर तो कां वगळला हेंही त्याच जागीं लिहावें लागतें. ५ लिहिलें तर अर्थ असा कीं, पाहिलें, पण सांगण्यासारखें कांहीं आढळलें नाहीं. ६ लिहिलें तर अर्थ असा कीं, पाहिलेंच नाहीं. मनुष्याच्या केंद्रांतही हाच भेद २ आणि ३ यांनीं दाखवितात. मौनाचे हे दोन प्रकार वेगळे ओळखतां यावे म्हणून दोन वेगळे आंकडे खर्ची घातले आहेत. आणि हें अशा काळीं, जेव्हां तारेंतील एकएक आंकडा वांचविण्याची धडपड चालली होती!

पावसाच्या बाबतींतही तसेंच. १७/१५ मधील पहिला आंकडा पावसाची वर्दी देतो. १ म्हणजे पावसाचा गट येथेंच पुढें दिला आहे. ३ म्हणजे गट दिला नाहीं, कारण पाऊस शून्य. ४ म्हणजे गट दिला नाहीं, कारण पावसाचें माप उपलब्ध नाहीं. हें वर्गांत वाचीत असतां आमचा तो वहीचा विद्यार्थी पहिल्या बांकावर बसला होता. त्यानें आमच्याकडे पाहिलें व आम्हीं त्याच्याकडे. दोघांसही एकच गोष्ट आठवली. त्या भाद्रपदांतील दोन रकान्यांत ४ हवा होता, आणि आम्ही तेथें ३ घालून बसलों होतों.

पावसाचें माप लिहिण्यांतही हीच काटेकोर वृत्ति दिसते. पाऊस मापण्याइतका पडला नाहीं, पण चार थेंब तरी पडले, तर ९९० असें लिहितात. ९९१ म्हणजे एक दशांश मिलिमीटर, आणि असें ९९९ पर्यंत नऊ दशांश. चार थेंबांसही शून्य म्हणूं द्यावयाचें नाहीं! दुसऱ्या टोकास, ९८९ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर ९८९ एवढेंच लिहितां येतें. इतका पाऊस कोठें पडणार, असें वाटेल. परंतु २६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरणार नाहींत. त्या चोवीस तासांत सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. या लिपींत तो ६९४४४ असा लिहिला जाईल. पांच आंकड्यांत सारा हाहाकार. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास पडलेला पाऊस ७५ मिलिमीटरांच्या आंत होता. एकाच शहरांत, एकाच दिवशीं! म्हणून एका ठिकाणचें माप नाहीं तर शेजारच्या ठिकाणचें घालून चालवूं, असें म्हणतां येत नाहीं. मोजलें नाहीं तें मोजलें नाहींच.

आतां तिरक्या रेघेची पाळी. ज्या जागीं आंकडा हवा पण तो मिळाला नाहीं, त्या जागीं ही रेघ ओढतात. आमच्या नमुन्यांत ती दोन ठिकाणीं आहे: ढगांची उंची आणि ढगांचें प्रमाण. हें केंद्र लहान आहे, आकाश पाहण्याचें यंत्र त्याच्यापाशीं नाहीं, आणि तें तसें सांगतें. ढगांच्या प्रमाणाची जागा तर मोठी पाहण्यासारखी आहे. तेथें ० म्हणजे आकाश निरभ्र. १ पासून ८ पर्यंत ढगांचे आठवे भाग. ९ म्हणजे धुकें किंवा तत्सम कारणानें आकाशच दिसत नाहीं. आणि तिरकी रेघ म्हणजे निरीक्षण झालेंच नाहीं, किंवा धुक्यावांचून अन्य कारणानें तें होऊं शकलें नाहीं. कांहीं नाहीं, दिसत नाहीं, पाहिलें नाहीं, या तीन "नाहीं" व्यवहारांत आपण सर्रास एकाच तोंडानें बोलतों. वेधशाळेच्या लिपीनें त्यांस तीन वेगळीं आसनें दिलीं आहेत. उष्णतामापक बिघडला तर १ पुढें चार तिरक्या रेघा ओढाव्या, किंवा गटच गाळावा. पण कालचें उष्णतामान आजच्या नांवें देऊं नये.

विमानतळांचीं वृत्तें निराळ्या रीतीनें, अक्षरें व आंकडे मिसळून लिहितात. तेथेंही हीच सावधगिरी आहे. यंत्रानें लिहिलेल्या वृत्तांत "ऑटो" असा शब्द घालतात. ढगमापक यंत्र प्रकाशाचा किरण सरळ वर सोडून ढगांचा तळ शोधतें. त्यास माथ्यावरचें तेवढें दिसतें, क्षितिजावर उठलेला काळा ढग दिसत नाहीं. म्हणून त्यास कांहीं न सांपडल्यास तें "एन सी डी" हीं अक्षरें लिहितें. त्यांचा अर्थ "ढग नाहींत" असा नव्हे, तर "ढग आढळले नाहींत" असा आहे. या दोन वाक्यांतील अंतर ज्यास कळलें, त्यास शास्त्रीय वृत्ति म्हणजे काय हें निम्में कळलें असें आम्ही समजतों.

एवढें असूनही यंत्रावर डोळे मिटून भार टाकतां येत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. स्वयंचलित केंद्रांतील पर्जन्यमापकांत बहुधा दोन लहान वाट्या तराजूसारख्या जोडलेल्या असतात. नरसाळ्यांतून पाणी एका वाटींत पडतें. ती ठराविक पाण्यानें भरली कीं कलंडते आणि दुसरी वर येते. प्रत्येक कलंडण्यास विजेचा एक ठोका पडतो. ठोके मोजले कीं पाऊस मोजला. युक्ति मोठी सुरेख आहे. परंतु नरसाळ्यांत एखादें पान अडकलें, किंवा पक्ष्याची विष्ठा व धूळ सांचून भोंक बुजलें, म्हणजे वर पाऊस कोसळत असतां खालीं वाटी कोरडीच राहते. ठोका पडत नाहीं. यंत्र बिचारें शून्य लिहितें; तिरकी रेघ ओढीत नाहीं, कारण आपण आंधळे झालों आहों हें त्यास कळतच नाहीं. आपणांस माहीत नाहीं हें ज्यास माहीत आहे त्याची चूक सुधारतां येते. ज्यास तेंही माहीत नाहीं त्याच्याकडे दुसऱ्या कोणी लक्ष द्यावें लागतें. म्हणून यंत्रकेंद्रांसही अधूनमधून भेट देणारा, नरसाळें पुसणारा, शेजारच्या केंद्रांशीं आंकडे ताडून पाहणारा मनुष्य लागतोच.

आणि ही कांहीं केवळ शास्त्रज्ञांची चिंता नव्हे. आज महाराष्ट्रांत महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामानकेंद्रें उभीं आहेत, आणि हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या आंकड्यांवरून ठरते. त्या केंद्रांची लिपि वरील लिपीहून निराळी असली तरी प्रश्न तोच आहे. आंबा, काजू, द्राक्षें, डाळिंबें लावणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें "पाऊस पडला नाहीं" आणि "पाऊस मोजला गेला नाहीं" यांतील भेद म्हणजे वर्षाच्या घरखर्चाचा भेद होऊं शकतो.

पांच आंकड्यांची ही जुनी लिपि आतां हळूहळू बाजूस सरत आहे. तिच्या जागीं "बुफर" नांवाची नवी लिपि जागतिक संघटनेनें आणिली आहे. ती संगणकांनीं संगणकांशीं बोलावयाची लिपि, केवळ ० आणि १ या दोन चिन्हांची. मनुष्यास ती नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं. पण तींतही जुनी शिकवण टिकविली आहे. एखादें माप मिळालें नसेल तर त्याच्या सर्व जागा १ नें भरतात, आणि ती खूण "माहीत नाहीं" अशी समजली जाते. तिरकी रेघ गेली, पण तिचें काम गेलें नाहीं.

आतां आमच्या वहीकडे परत येऊं. त्या दोन शून्यांवर आम्हीं खाडाखोड केली नाहीं. त्यांखालीं तांबडी रेघ मारून समासांत लिहिलें कीं, या दोन दिवशीं पाऊस मोजला गेला नाहीं. तिसऱ्या दिवसाचा आंकडा तिन्ही दिवसांचा मिळून आहे. चूक ध्यानांत आल्याची तारीख अमुक. खालीं विद्यार्थ्याची सही आहे, आणि तिच्याखालीं आमची. वहीच्या पहिल्या पानावरील जुनी ताकीदही बदलली. आतां तेथें असें आहे: पाऊस पडला नसेल तर शून्य लिहावें; मोजला नसेल तर तिरकी रेघ ओढावी व कारण द्यावें. सुटींत वही कोणाकडे राहावी याचीही व्यवस्था लावून दिली आहे.

त्या वृद्ध शेतकऱ्यांस आम्हीं हीच हकीकत एका कागदावर लिहून दिली, आणि उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनीं तो कागद दोनदां वाचला, व्यवस्थित घडी घालून खिशांत ठेविला आणि म्हणाले, "हें बरें झालें, मास्तर. नाहीं मोजलें तर नाहीं मोजलें म्हणावें. त्यांत लाजावयाचें काय?"

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत, हिशेबाच्या वहींत किंवा वडीलधाऱ्यांच्या प्रश्नापुढें, जेव्हां रिकामी जागा भरून टाकण्याचा मोह होईल, तेव्हां ही तिरकी रेघ आठवावी. वेधशाळांनीं ती निरुपयोगी म्हणून ठेविलेली नाहीं. तिच्यावांचून बाकीच्या आंकड्यांवर कोणाचा विश्वास बसला नसता. आमची वही सध्यां वाचनालयांतील कपाटांत, डावीकडच्या खणांत आहे. ज्यास पाहावयाची असेल त्यानें अवश्य पाहावी. तांबडी रेघ भाद्रपदाच्या पानावर आहे.